चावीवाल्याचं दार

दार उघडेना, तेव्हा तिला वाटलं, ज्यांची मुलाखत घ्यायची ते आजोबा गेले. नोकरीचा पहिलाच दिवस. ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेचा इतिहास लिहायचा होता, आणि इतिहासाने उंबऱ्यातच मान टाकली होती.

"जरा बाजूला होता?"

मागे चावीवाला उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा तिच्याहून पांढरा. त्याने कुलपात तार घातली. दार उघडलं. आजोबा श्रवणयंत्र काढून निवांत दाढी करत होते.

"दर वेळी एवढे घाबरता?" जिना उतरताना तिने विचारलं.

"दर वेळी. आत काय असेल, ते कुलूप थोडंच सांगतं..." तो हसला, आणि तिची एक पायरी चुकली.

इतिहास त्यानेच सांगितला. दोन म्हाताऱ्या शेजारणींचं हाडवैर होतं. एक रोज सकाळी फोन करून विचारायची, आहेस का अजून? दुसरी केवळ तिची निराशा करायला फोन उचलायची. एका सकाळी तिने उचलला नाही. वैरीण अनवाणी धावली, पडलेल्या शत्रूला दवाखान्यात नेलं आणि ती बरी होताच भांडण पुढे चालू केलं. त्यातून संघटना उभी राहिली. आता देशभर म्हातारी माणसं एकमेकांना सकाळी फोन करत. कुणी उचलला नाही, की जवळचा स्वयंसेवक शेजारी ठेवलेली चावी घेऊन धावे. चावी नसली, तर चावीवाला.

या साखळीत साठीच्या आतल्यांना जागा नव्हती; अपवाद फक्त चावीवाल्याचा. पण अभ्यासासाठी म्हणून त्याने अध्यक्ष आजींना गळ घातली, आणि पुस्तक होईपर्यंत तिचं नाव आत आलं. तिला फोन करायचं कष्टाचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

"आहात का?"

"आहे. तुम्ही?"

"तुम्ही आहात म्हटल्यावर... आहोत आपले."

पुस्तक संपत आलं तशी तिची झोप उडाली. एकच परिच्छेद ती पुन्हापुन्हा लिहू लागली. शेवटी आजींनी कागद हातातून ओढून घेतले. उद्याचा फोन शेवटचा.

त्या सकाळी फोन वाजलाच नाही.

तिने केला. वाजत राहिला... कुणी उचलला नाही. आजींना कळवून ती धावत सुटली. त्याच्या दारात साखळीतली जवळपासची सगळी मंडळी जमली होती. चावी कुणाकडेच नव्हती.

"चावीवाल्याला बोलवा," पहिल्या दिवशी दाढी करत असलेले आजोबा म्हणाले.

आजींनी नुसतं बंद दाराकडे बोट दाखवलं.

तिने दारावर मुठी आपटल्या. "आहात का?" आवाज फाटला. मग — कडी वाजली.

तो उभा होता. हातात फोन, डोळे सुजलेले.

"जिवंत आहात, तर फोन का नाही केलात?"

"आजचा शेवटचा होता ना... केला किंवा उचलला असता, तर संपलं असतं."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. अनवाणी होते. तो आत गेला, आपल्या ढगळ चपला आणून तिच्यापुढे ठेवल्या. एकीत चावी होती.

"जगाची दारं उघडत फिरलो. माझी चावी कुणाकडे ठेवायचा धीर झाला नाही. ठेवाल?"

तिने चावी उचलून मूठ घट्ट मिटली. "ठेवीन. पण उद्या फोन आला नाही, तर बघ."

मागे आजोबा श्रवणयंत्र चाचपत होते. "काय झालं? गेला का तो?"

"गेला," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "पार कामातून गेला."