पायरीवरचा कानोसा

रेवाचे पाय दर रविवारी सकाळी स्वतःला नव्यानं लिहून काढत. पाच वर्षांच्या रेवाच्या कण्यात तांदळाएवढी 'चालचकती' होती. मेंदूचा निरोप पायांपर्यंत तीच पोचवी. वसाहतीत आता अशी चार-पाच मुलं होती, धडधाकट पळणारी. तरी जिना आला की तिची आई हेमांगी पायरीपायरीला ओरडायचीच, "रेवा, हळू!"

एका आठवड्यात हेमांगीचा घसा पार बसला. जिन्यापाशी तिनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आणि रेवा पायरीवर थबकली. पुढच्या पायरीवरही. कुणी न सांगता!

घसा सुटल्यावर ती रेवाला घेऊन डॉ. फरझाना मुजावरांकडे गेली. चकतीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. तिथं सरावासाठी एक लाकडी जिना होता.

"आता तिला पळ म्हणा," मुजावर म्हणाल्या.

"पळ गं, रेवा!"

रेवा खिदळत निघाली आणि प्रत्येक पायरीवर थबकत उतरली. "आई, मी पळतेय! पायच ऐकत नाहीयेत."

"बिघाड आहे का हो, मॅडम?"

"छे, हुशारी जास्त झालीय. असं बघा, प्रोग्रॅमच्या हाताशी तयार कामगारांचा, म्हणजे छोट्या छोट्या प्रोग्रॅमांचा, एक संच असतो. शब्दाची अक्षरं मोजायची असली की त्यातल्या एकाला हाक मारायची. पण आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो संकलक असतो, तो बघतो की शब्द तर ठरलेलाच आहे. मग मोजायला धाडायचं कशाला? तो हाक खोडतो आणि तिथं थेट उत्तर लिहितो. तेवढाच वेळ वाचतो."

"त्याचा हिच्या जिन्याशी काय संबंध?"

"पायरी आली की चकती 'कानोसा' नावाच्या कामगाराला हाक मारते. कुणी सावध करतंय का, हे तो कानाला विचारून येतो. आणि चकतीतला संकलक दर रविवारी त्याची उत्तरं तपासून प्रोग्रॅम नव्यानं उतरवतो. वर्षभरात काय उत्तर आलं, सांगू?"

हेमांगीनं मान खाली घातली.

"सहा हजार वेळा 'हळू'. दुसरं एकदाही नाही! मग त्यानं कानोसा काढला आणि तिथं 'हळू' कोरून ठेवलं. अहो बाई, एवढी खात्री तर आम्हाला सूर्य उगवण्याचीही वाटत नाही."

"म्हणजे उद्या आग लागली, मी पळ म्हणाले, तरी?"

"तरी."

"आणि मी... मी नसले, तरी?"

"तरीही. तुमचं 'हळू' तिच्या पायात राहील."

हेमांगी थक्क होऊन त्या एवढ्याशा पाठीकडे बघत राहिली. जन्मभर तिला सांभाळणारी आपली हाक. क्षणभर तिला वाटलं, असू दे की. मग रेवा आपल्याच गुडघ्यावर चापट मारताना दिसली.

"काढा ते, मॅडम."

"कानोसा परत बसवते. पण तुम्ही मधूनमधून गप्प राहायचं हं. नाहीतर पुन्हा तेच."

सोमवारी घरच्या जिन्यावर हेमांगीनं ओढणी दातात धरली. रेवा अठरा पायऱ्या धडाधड उतरली. काही झालं नाही. हेमांगी हसतच तिच्यामागून निघाली.

"आई," खालून रेवा म्हणाली, "तू का गं थांबतेस प्रत्येक पायरीवर?"

हेमांगीनं खाली बघितलं. पाय खरंच थबकला होता. पुढच्या पायरीवरही थबकला. तिच्या कण्यात कसलीही चकती नव्हती. आणि तिला "हेमे, हळू" म्हणणारी जाऊन बारा वर्षं झाली होती.