न लागलेला लाल दिवा

“सरपंचबाई, तुमची व्हॅन तापूनच मेली, हे खरं. पण तिच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता.”

तालुक्याच्या गॅरेजमधून फोन आला तेव्हा प्यो गाप्सुन कोबी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“वाटेत गळालं असेल.”

“कुठून गळेल? पाइप शाबूत, रेडिएटर शाबूत. फक्त तळाची तोटी घाईघाईत हाताने पिळल्यासारखी सैल आहे. उकळून बाहेर उडालं असतं तर डाग राहिले असते. तेही नाहीत. गाडी निघण्याआधीच कुणीतरी इंजिन गार ठेवणारं पाणी, कूलंट, काढून घेतलंय.”

फोन बंद झाला तरी गाप्सुनने तो कानालाच धरून ठेवला होता.

नोरुगोल गावाची ती एकुलती एक व्हॅन. सोल्लालच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाच्या सकाळी गावातल्या मा आजीला अर्धांगाचा झटका आला. घाटापलीकडून निघालेली रुग्णवाहिका बर्फात अडकली आणि निरोप आला, ‘बोगद्यापर्यंत तुम्हीच आणा.’ आजीला आडवं झोपवून न्यायला व्हॅनच हवी होती. ड्रायव्हर गिल दोक्सू आजीला आणि तिच्या सुनेला घेऊन निघाला आणि अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. दोक्सूने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर बर्फातून बोगदा गाठला. आजी वाचली. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. उजवा हात गेला, वाचा गेली.

मागाहून आपल्या गाडीने पोचलेल्या गाप्सुनने बंद पडलेल्या व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं होतं. किल्ली फिरवलेली तशीच होती. डॅशबोर्डवर दोन लाल दिवे जळत होते.

त्यावरून तिने भर सभेत दोक्सूला विचारलं होतं, “लाल दिवे दिसत असताना गाडी रेटत राहिलास?”

“वहिनी, टेंपरेचरचा दिवा लागलाच नाही. काटासुद्धा खालीच होता.”

“काटा खाली होता की बाटली?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

दोक्सू एके काळचा अट्टल दारुडा. तीन वर्षांत त्याने थेंबाला शिवलं नव्हतं, पण सणाची सकाळ म्हटल्यावर सगळ्यांना सगळं आठवलं. गाप्सुन हसली नव्हती. तिने एवढंच म्हटलं होतं, “दिवे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. किल्ली ठेव.” त्याने किल्ली ठेवली होती.

गाप्सुन अंगणात आली. आपल्या गाडीत बसली. किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही.

दोन लाल दिवे लागले. एक तेलाचा, एक बॅटरीचा.

तिने इंजिन सुरू केलं. दोन्ही विझले. बंद केलं आणि किल्ली पुन्हा फिरवली. दोन्ही पुन्हा लागले.

त्या दिवशी तिने पाहिलेले दिवे हेच होते. इंजिन मेलेलं आणि किल्ली चालू असली, की कुठल्याही गाडीत लागतात ते. रोज सकाळी तिच्या नाकासमोर लागत होते. टेंपरेचरचा दिवा त्यांत नव्हता.

थंडीतही तिचे कान तापले.

मा आजीची सून छा मिरान सासूला पेज भरवत होती. गाप्सुन उंबऱ्यातच टेकली.

“मिरान, त्या दिवशी व्हॅनमध्ये काही वेगळं जाणवलं का गं?”

“आता कशाला विचारता?”

“तेव्हा विचारलं नाही म्हणून.”

मिरानने चमचा थांबवला. “थंडी. हीटर पूर्ण सोडला होता, तरी गारच वारा येत होता. दोक्सूभाऊंनी आपला कोट काढून आईंच्या पायांवर घातला.”

“शेवटपर्यंत गारच?”

“शेवटपर्यंत.”

“दोक्सूच्या तोंडाला वास होता?”

“बिनबाह्यांच्या स्वेटरवर त्यांनी आईंना पाठीवरून नेलं. मी मागून त्यांची पाठ धरून चालत होते. घामाचा वास होता.” मिरानने वर पाहिलं. “सभेत मला कुणी विचारलंच नाही, काकू.”

गाप्सुन उंबऱ्यावरून उठली.

तिथून ती सभागृहाच्या मागे गेली. व्हॅन तिथेच उभी असायची. बर्फात एक गुलाबी डाग होता. सणाच्या दुसऱ्याच दिवशी तो दिसला होता, आणि किमचीच्या तिखट लोणच्याचं पाणी सांडल्याबद्दल तिने शेजारणीला झापलंही होतं. आता ती वाकली. आंबूस वास नाही. लसणाचा नाही. बोट टेकवलं. आठवडाभर सगळ्या वळचणीला काचेसारखे सुळके लोंबत होते, आणि हा डाग मात्र ओला, चिकट होता. गोठलाच नव्हता.

हिवाळ्यात न गोठणारं, गुलाबी. गावच्या व्हॅनमध्येच ते घातलं जायचं. बाकी सगळ्यांच्या ट्रॅक्टरांत हिरवं.

कूलंट कुणाला लागलं असेल? सणामुळे तालुक्याची दुकानं बंद. रात्रभर बर्फ. आणि पहाटे…

ती चालता चालता थांबली. मग घराकडे वळली.

तिचा नवरा, थाक योंगमान, गोठ्यात नव्हता. त्याचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला. सणाच्या पहाटे त्याने वरच्या वाडीपर्यंतचा रस्ता मोकळा केला होता. ‘योंगमान नसता तर गाव गाडलं गेलं असतं,’ असं जो तो म्हणत होता. गाप्सुनने ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि लगेच लावून टाकलं. आत गुलाबी होतं. एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं.

मोरीत नवा कोरा रबरी टब उलटा ठेवला होता. योंगमानने गेल्या बाजाराला आणलेला. लग्नापासून या माणसाने घरात साधी गाळणी आणली नव्हती. टब पाहून ती हरखली होती, शेजारणींना दाखवला होता.

रात्री जेवताना तिने विचारलं, “अहो, माझा जुना टब कुठे गेला?”

“फुटला.”

“कसा?”

“थंडीने.”

“सणाच्या आधी तुम्ही म्हणत होतात, ट्रॅक्टर गळतोय, कूलंट संपलंय, दुकानं उघडेपर्यंत तो हलणार नाही.”

योंगमानने मुळ्याची फोड उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “केलं काहीतरी.”

“उद्या सभा बोलावलीय,” ती म्हणाली. “दोक्सूबद्दल. तुम्ही या.”

त्याने ‘बरं’ म्हटलं. वाटीतला भात तसाच राहिला.

सभागृहाच्या खालून तापवलेल्या जमिनीवर सगळे दाटीवाटीने बसले. दोक्सू दाराशी उभा होता. त्याचं सामान बांधून झाल्याचं गाप्सुनला कळलं होतं.

“गेल्या सभेत मी म्हटलं होतं की दिवे मी पाहिले,” तिने सुरुवात केली. “पाहिले. पण ते तेलाचे आणि बॅटरीचे होते. इंजिन बंद पडल्यावर लागतात ते. ज्याला पटत नसेल त्याने बाहेर जाऊन आपल्या गाडीची किल्ली फिरवावी.”

कुणी उठलं नाही.

“मग टेंपरेचरचा दिवा का लागला नाही? त्याची कांडी पाण्यात बुडलेली असते. पाणी तापलं तर तिला कळतं. पाणीच नसेल तर तिला काय कळणार? लोखंड जळत असतं आणि काटा खाली निजलेला असतो. दोक्सू हेच सांगत होता.”

“पाणी नव्हतं कशावरून?” मागून कुणीतरी विचारलं. बाटलीवरून बोललेलाच आवाज होता तो.

“हीटरवरून. इंजिनातलं गरम पाणी फिरलं तरच हीटर गरम होतो. मिरान सांगते, तो शेवटपर्यंत गार होता. म्हणजे गाडी इथून निघाली तेव्हाच कोरडी होती. पाणी कुठे गेलं? मागे बर्फात त्याचा गुलाबी डाग आहे. तिथे सांडलं ते थोडंसं. बाकीचं कुणीतरी टबात धरून नेलं.”

ती थांबली. तिला वाटलं होतं की नाव घेताना आवाज फुटेल. फुटला नाही, हेच तिला जास्त लागलं.

“आदल्या संध्याकाळी ज्याचा ट्रॅक्टर हलत नव्हता आणि पहाटे ज्याने रस्ता साफ केला, त्याने. ते पाणी विषारी असतं. त्या टबात पुन्हा कोबी भिजवायचा नाही, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून त्याने टब फेकला आणि बायकोला नवा आणून दिला. माझ्या नवऱ्याने. थाक योंगमानने.”

योंगमान उठला आणि दोक्सूकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला.

“सणाला व्हॅन कुठे जाणार, असं वाटलं. दुकान उघडलं की भरून टाकणार होतो. मी वरच्या वाडीत होतो, फोन घरी होता. उतरून आलो तर गाडी गेलेली.” त्याचं कपाळ जमिनीला टेकलं. “सांगणार होतो. तोवर सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मग सभेत तुझं नाव निघालं आणि माझं तोंड शिवलं गेलं. मी इथेच बसून तांदळाच्या वड्या खात होतो, दोक्सू.”

भिंतीकडे बसलेल्या मिरानने तोंड फिरवलं. बाटलीवरून बोललेला माणूस आपल्या मोज्यांकडे पाहत राहिला. कुणालाच कुणाकडे पाहवेना.

दोक्सू बाहेर पडला. गाप्सुन अनवाणीच त्याच्या मागे पायऱ्या उतरली.

“दोक्सू, चूक त्यांनी केली, पण तुला दोषी मी ठरवलं. मी माफी मागते. जाऊ नकोस, असं म्हणायचं तोंड मला नाही.”

तो वळला.

“वहिनी, तुम्ही दिवे पाहिले म्हणालात ना, तेव्हा मलाच वाटायला लागलं की मी प्यायलो असेन बहुतेक. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? घरी गेलो, त्या सकाळचा पेला शोधत बसलो. कुठे सापडेना. मग दुकानात गेलो आणि बाटली आणली.”

“उघडलीस?”

दोक्सूने हातमोजे काढले. त्याची बोटं थरथरत होती. थंडीने नव्हे, हे आता तिला दिसलं. श्वासाचा वासही आला.

“दादांना उठवा आत,” तो म्हणाला. “म्हातारा माणूस आहे, गुडघे धरतील.”

आणि पायरीशी ठेवलेलं बोचकं उचलून तो बस थांब्याच्या दिशेने चालू लागला, ताठ, अगदी सरळ रेषेत, पिणारा माणूस मुद्दाम चालतो तसा.