दुसऱ्याचा घाम

"मॅडम, एकाचा घाम दुसऱ्याच्या पट्टीला लावला तर?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून प्रणोतीनं विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. कबड्डीची कॅप्टन झाल्यापासून तिची भीड पार चेपली होती.

ज्यांनी घामपट्टी शोधली त्या डॉ. कुंभोजकर शाळेत आल्या होत्या. रंगाच्या कारखान्यातला प्रत्येक कामगार दर शनिवारी घरून पट्टी घामात भिजवून आणी आणि गेटवर दाखवी. पांढरी असली तर आत. जांभळी झाली तर मूत्रपिंडं नासू लागलेली. औषध सुरू, काम कायमचं बंद. प्रणोतीच्या आईची दिवाळीत जांभळी झाली होती. आता कारखान्यात पप्पा एकटेच जात.

"पट्टीत विकर असतं, म्हणजे एन्झाइम," डॉक्टर म्हणाल्या. "कबड्डी खेळतेस ना? समज, हा असा पकडपटू आहे की घामातल्या शेकडो रेणूंतून एकच गडी धरतो, आजाराचा. धरला की पट्टीचा रंग बदलतो. पण तो गडी कुणाच्या अंगातून आला, हे काही त्याला कळत नाही."

"म्हणजे फसतंय की!" मागून शिफा ओरडली.

"पट्टी फसते गं. मूत्रपिंडं फसत नाहीत. वेळेत कळलं तर औषधानं माणूस जगतो. पाच-सहा महिने लपवलं, तर मग आमच्याही हातात काही राहत नाही."

पैजेची भेळ हादडून, सराव करून प्रणोती घरी आली. जर्सी बदलून आंघोळीला गेली आणि टॉवेल विसरला म्हणून मागे फिरली. मागच्या दारी आई तिची घामेजलेली जर्सी पिळत होती. खाली पट्टी धरून पप्पा बसले होते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," आई पुटपुटली. "घरात चांगला घाम तुझाच उरलाय, बाई."

होळीसुद्धा होऊन गेली होती.

पप्पा हसायला गेले. "कॅप्टनच्या घामावर घर चाललंय! ऐट कर की जरा!"

पोरीच्या जातीनं कसली कबड्डी, म्हणणाऱ्या आईनं दिवाळीनंतर अचानक होकार का दिला, ते प्रणोतीला आत्ता उमगलं.

तिनं पप्पांच्या हातातली पट्टी ओढून घेतली आणि टराटरा फाडली.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. पप्पा, तुमच्याबरोबर गेटवर येणार. तिथं सगळ्यांसमोर तुम्ही कोरी पट्टी स्वतःच्या घामात भिजवायची."

"अगं, काम जाईल. खायचं काय?"

"ते मला माहीत नाही," प्रणोती म्हणाली. "पण मी येणार."