लांब बाह्यांचा माणूस

माझ्या हातून रीळ निसटलं आणि टपटप करत जिन्यावरून खाली गेलं. वाकून पाहते तर एका बुटाशी थांबलेलं. बूटवाल्याने ते उचललं, दोरा गुंडाळत गुंडाळत थेट माझ्या दारापर्यंत आला आणि दारावरची पाटी मोठ्याने वाचली— 'जुने कपडे उन्हाळ्यासाठी सुटसुटीत करून मिळतील.'

"माझा एक शर्ट आहे," तो म्हणाला. "बाह्या अर्ध्या करायच्यात."

"आणा की."

एवढंच. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. संशय आला पुढच्या आठवड्यात.

कोपऱ्यावरच्या दुकानात तो घड्याळं दुरुस्त करायचा. पहिला शर्ट त्याच्याच मापाचा होता, दुसराही. तिसरा मात्र आत दोन माणसं मावतील एवढा ढगळ. चौथ्याची कॉलर तर माझ्याही गळ्याला बसली नसती. आणि हा गृहस्थ स्वतः भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावून, घाम पुसत माझ्यासमोर उभा!

"तुम्हाला उकडत नाही?"

"सवय आहे."

"मग हे अर्ध्या बाह्यांचे घालतं कोण?"

"लोक," तो म्हणाला आणि माझ्या कात्रीकडे बघत राहिला... की बोटांकडे? मी बोटं मागे घेतली.

त्यातच खालच्या काकू कानाशी लागून सांगून गेल्या, "अगं, हल्ली दोरीवरचे कपडे नाहीसे होतायत. डोळे उघडे ठेव."

चोरीचा माल माझ्या मशीनखालून जात असला तर? चार वर्षं राबून मिळवलेलं नाव एका दिवसात मातीत गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती जास्त होती. संध्याकाळचे पाच वाजत आले की माझे कान जिन्याकडे लागलेले असायचे. चोराच्या पावलांकडे!

गुरुवारी त्याने सातवा शर्ट टेबलावर ठेवला. निळ्या रेघांचा. सवयीने मी खिसा उलटून पाहिला आणि हात तिथेच थांबले. आतून तिरप्या टाक्यांनी लावलेलं ठिगळ माझंच होतं. शर्ट दादाचा होता, माझ्या सख्ख्या भावाचा.

"हा कुठून उचललात?" मी कात्री हातात धरूनच विचारलं.

"उचलला नाही... मागितला."

"दादाकडे? कशाला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझे जादा दोनच होते. ते लगेच संपले. मग मालकांचा आणला, मग शेजारच्या न्हाव्याचा, मित्रांचे... परवा तुमचे दादा घड्याळ न्यायला आले. बाह्या लांब दिसल्या, तोंडातून निघून गेलं."

मी कसली विश्वास ठेवते! सरळ दादाला फोन लावला.

"पोचला का शर्ट?" पलीकडून तो हसत म्हणाला. मी फोन ठेवला.

"आणि दोरीवरचे कपडे?"

"कुठली दोरी?" त्याचा चेहरा इतका कोरा होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं. काकूंचे कपडे वाऱ्याने मागच्या पत्र्यावर जाऊन पडले होते, हे पुढे कळलं.

"बरं, हा अंगावरचा? याच्या बाह्या का नाही कापून घेतल्या?"

"हा शेवटचा आहे," तो हळूच म्हणाला. "हाही झाला, तर... तुमचा जिना चढायला कारणच उरणार नाही."

म्हणजे माझ्या दारात यायला एक कारण शिल्लक राहावं म्हणून हा माणूस महिनाभर घामाने निथळत होता! मला हसू आलं, रागही आला, आणि हा आपल्याला आवडतो हे मी तिथल्या तिथे स्वतःशी कबूल करून टाकलं.

"हात पुढे करा."

"आत्ता?... अंगावरच?"

"हलू नका."

कोपराच्या वर मी खडूने रेघ ओढली. त्याने डोळे घट्ट मिटले. मला मिटून चालणार नव्हतं, कात्री माझ्याकडे होती. कचाकच बाही सुटली. तुकड्याची घडी घालून मी त्याच्या हातात दिली. गिऱ्हाईकाचं कापड मी ठेवून घेत नाही.

त्याने निमूटपणे दुसरा हात पुढे केला. "आणि ही?"

मी कात्री मिटली. "ही उद्या."

एक बाही आखूड, एक लांब, अशा अवतारात तो जिना उतरला. खाली काकूंनी त्याला काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर मात्र अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं.

"अर्धंच झालंय, काकू! उद्या परत बोलावलंय!"