दोन मिनिटांचा बोळ

संघर्षनं भिंतीवरचं चित्र उतरवायला हात घातला, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "हातमोजे घातलेत?"

प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन साक्षी उभी होती. नाशिकच्या या नव्या संग्रहालयात दिवे कुठं लावायचे, ऊन कुठून आत घ्यायचं, हे तीच ठरवत होती. म्हणजे त्याचा राग हिच्यावरच! त्याच्या वडिलांनी कारकुनी सांभाळून रंगवलेलं आईचं चित्र त्यानं विश्वासानं दिलं, आणि हिनं ते अंधारात टांगलं.

"घरी वीस वर्षं खिडकीसमोर होतं, लख्ख दिसायचं," तो म्हणाला. "मी परत नेतो."

साक्षीनं वाद घातला नाही. चौकट उघडून तिनं कडेची पुठ्ठ्याची पट्टी अलगद उचलली. आईच्या राखाडी साडीचा बोटभर पदर त्या पट्टीखाली झाकला गेला होता... आणि तेवढाच गर्द जांभळा होता.

"बाकीचा रंग उन्हानं खाल्ला," ती हळूच म्हणाली. "उरलाय तो तरी राहू द्या ना."

संघर्षनं चित्रावरचा हात मागे घेतला. पण एवढ्याशा उजेडात दिसणार काय? डोळे सरावले की दिसतं, ती म्हणाली. त्यासाठीच दालनाआधी तो मंद उजेडाचा बोळ ठेवलाय, तिथं दोन मिनिटं थांबायचं.

दोघं बाहेर उन्हात जाऊन पुन्हा बोळात आले आणि थांबले. आधी काहीच दिसेना. मग तिच्या कानातला खडा दिसला, मग तिचे डोळे — ते त्याच्याकडेच पाहत होते. नंतर दालनात गेल्यावर आईच्या ओठांवरची पेन्सिलीची रेघसुद्धा दिसली. चित्र तिथंच राहिलं.

संघर्ष मात्र दर रविवारी येऊ लागला. ऊन किती वाजता कुठं पोचतं, दिवा तिरपा का... त्याचे प्रश्न संपेनात. प्रत्येक वेळी आधी बोळात थांबणं आलंच.

शेवटच्या रविवारी साक्षीचं काम संपलं. सोमवारी ती नागपूरला निघणार होती. हे तिनंच सांगितलं. बोळात तो घड्याळाकडे बघत राहिला.

"मला एका मिनिटातच दिसायला लागतं," तो म्हणाला. "मग दोन कशाला?"

साक्षी अगदी हळू आवाजात म्हणाली —

"एकच पुरतं. दुसरं... त्या पहिल्या दिवशी तुमच्यासाठी वाढवलं."

संघर्षनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"मग तिसरं माझ्याकडून," तो म्हणाला. "आणि नागपूरहून परत कधी येणार, ते ठरल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

ती हसली, आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.