समुद्र रिकामा नाही

“या भागात देवमासे नाहीत. समुद्र रिकामा आहे,” यंत्रमानवाने जाहीर केलं, तशी चंदना ताडकन उठली. होडी डगमगली.

“खोटारडा! कालच पाहिलेत मी इथे. आई आणि तिचं पिल्लू!”

“मला खोटं बोलता येत नाही,” यंत्रमानव नम्रपणे म्हणाला. “जे ऐकलं, ते सांगितलं.”

ही गोष्ट आहे अजून तीस-चाळीस वर्षांनंतरची. खारवेल बंदरासमोर पाण्याखालच्या एका नव्या बॉम्बची चाचणी होणार होती आणि तिला विरोध करायला साऱ्या कोळीवाड्यांच्या होड्या समुद्रात उतरल्या होत्या. देवमासे सापडले तर चाचणी रद्द, नाहीतर दुपारी स्फोट, असं ठरलं होतं. चाचणी पथकाच्या कॅप्टन देवस्थळे शब्दाच्या पक्क्या. खात्री करायला त्या यंत्रमानवासह चंदनाच्या आजोबांच्या होडीत येऊन बसल्या होत्या. आजोबा समुद्रातल्या आवाजांचे शास्त्रज्ञ होते.

आता कोळी विरोध करायला निघाले म्हणजे मुकाट्याने थोडेच जाणार? इंजिनं धडधडत होती, ढोल घुमत होते, भोंगे कोकलत होते. कानठळ्या बसायची वेळ आली होती.

“आजोबा, त्या स्फोटाने पिल्लाला काय होईल?” चंदनाने विचारलं.

“बहिरं होईल. खोल पाण्यात उजेड पोचत नाही, म्हणून देवमासे कानांनीच जग ओळखतात. बहिऱ्या पिल्लाला आई सापडायची नाही.”

“मग याला ते ऐकू का येत नाहीत?”

आजोबांनी यंत्रमानवाचा पाण्यात सोडलेला हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारा माइक) दाखवला. “पाण्याचे कण हवेच्या कणांपेक्षा फार जवळजवळ असतात, सहज दाबले जात नाहीत. रांगेत खेटून उभ्या असलेल्या माणसांत एकाला धक्का दिला की धक्का लगेच पुढच्याला लागतो ना? तसंच. म्हणून आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि लांबवर जातो. देवमाशाचा जातो, तसाच...”

“आपल्या इंजिनांचाही!” चंदना ओरडली. “आपणच त्यांना झाकून टाकलंय!”

“याला म्हणतात ध्वनि-आच्छादन (मोठ्या आवाजाखाली लहान आवाज दडणं),” आजोबा म्हणाले. “इंजिनं, ढोल सगळं बंद केलं, तरच ते ऐकू येतील.”

शेजारच्या होडीतले दामा नाखवा हे ऐकून भडकले. “इंजिन बंद? ढोल बंद? आरं, ते बोलतील, कोली घाबरलं!”

“काका, तुम्ही मासेमारीला जाता तेव्हा घोळ मासा कसा शोधता?” चंदनाने विचारलं.

नाखवांची नजर आपल्या वल्ह्याकडे गेली. घोळीचा थवा खाली घुमल्यासारखा आवाज करत असला, की वल्हं पाण्यात बुडवून त्याचा दांडा कानाला लावायचा. पाण्यातला आवाज हवेत फारसा येत नाही, पण लाकडातून थेट कानात शिरतो. आणि तेव्हा होडीत कोणी शिंकलेलंसुद्धा नाखवांना खपत नसे. त्यांनी हात वर केला. एकामागून एक इंजिनं बंद झाली. ढोल थांबले.

चंदनाने वल्हं बुडवून दांडा कॅप्टनच्या कानाला लावला.

किती तरी वेळ काहीच नाही. मग कॅप्टन देवस्थळेंचे डोळे विस्फारले. खालून एक खोल हुंकार आला. त्यांच्या दातांतसुद्धा तो थरथरला. लगेच त्याला एका बारीक, किरट्या आवाजाने उत्तर दिलं.

“दुरुस्ती,” यंत्रमानव म्हणाला. “समुद्र रिकामा नाही.”

कॅप्टननी वायरलेस उचलला. “चाचणी रद्द. आणि आपल्या जहाजाचंही इंजिन बंद करा.”

“ते कशाला, मॅडम?” पलीकडून प्रश्न आला.

“मला अजून ऐकायचंय.”

लांबवरच्या जहाजाची घरघर थांबली. आता सगळ्या होड्यांतून वल्ही पाण्यात उतरली होती. आई आणि पिल्लाच्या पलीकडून, खूप दुरून, एक लांबलचक गाणं येऊ लागलं. त्याच्याही मागे टकटक, गुरगुर, कुजबुज असे कितीतरी आवाज होते. आपण रोज याच्यावरून होडीने जातो, हे चंदनाला खरंच वाटेना.

“डॉक्टर,” दामा नाखवांनी आजोबांना हळूच विचारलं, “ह्ये समदं कोन हाय?”

“मलाही माहीत नाही, नाखवा,” आजोबा डोळे पुसत म्हणाले. “एवढी माणसं एकाच वेळी गप्प कधी बसलीच नव्हती.”