शेवटची आठ मिनिटं

तिचे हात लाखो लोक ओळखत होते आणि तोंड कोणीच नाही. पीठ मळणारे, कांदा चिरणारे, केकच्या बरोबर मध्यावर साईचा ठिपका ठेवणारे ते हात रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनवर चालू असत. चाळीस सेकंदांत पाव तयार. बोलणं नाही, हसणं नाही, मनगटाच्या वर बाई आहे की नाही याची कुणाला फिकीर नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने एकदा तिलाच फोन दाखवला होता. "बघा, याला म्हणतात हात!" आणि लगेच, "पिशवी नीट धरा हो, टोमॅटो पडतायत." घरी येऊन लेकीला हे सांगताना ती हसून हसून बेजार झाली होती.

हातांची बडदास्तही तशीच होती. भांडी घासताना मोजे, इस्त्री नवऱ्याकडे, सुरीचं काम फक्त कॅमेऱ्यासमोर. मोज्यांशिवाय घरचं एकच काम ती करायची, ते म्हणजे लेकीची वेणी. तीही एकच, कारण सकाळच्या घाईत दोन घालायला वेळ कुठला.

त्या दिवशी लेकीला ताप होता. फार नव्हता, पण रात्रभर पोर कण्हत होती. नवरा फिरतीवर. तिने सकाळीच दिग्दर्शिकेला फोन करून आजचं काम उद्यावर नेता येईल का, असं जरा चाचरतच विचारलं. दिग्दर्शिका वयाने लहान, पण बोलायला फटकळ. "अहो, उद्या सेट उतरतोय. आज तीन व्हिडिओ झालेच पाहिजेत. जमत नसेल तर आत्ताच सांगा. हात काय, मिळतात."

हात काय, मिळतात. हे वाक्य डोक्यात घेऊनच तिने लेकीच्या उशाशी थर्मास ठेवला.

"दूध यात आहे. गॅसला हात लावायचा नाही. दोन वाजता खालच्या आजी त्यांच्याकडच्या किल्लीने उघडून बघून जातील."

"तू कधी येणार?"

"चारला," ती म्हणाली. पाच वाजणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. आठ वर्षांच्या मुलीला तासाचा हिशेब कळतो, हेही ठाऊक होतं. कुलूप लावताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

शूटिंग जुन्या टीव्ही केंद्राच्या इमारतीत होतं. केंद्र कधीच बंद पडलं होतं आणि आता त्याच्या खोल्या भाड्याने मिळत. आतल्या मोठ्या खोलीच्या एका टोकाला स्वयंपाकाचा ओटा होता. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, त्यामुळे बाहेर ऊन असो की पाऊस, आत सदा दिवेलागण. ओट्याच्या बरोबर वर छतात चार लोखंडी हुक होते. टीव्ही नवा होता तेव्हा तिथे एक मोठा आरसा तिरपा टांगलेला असे. पातेल्यात काय शिजतंय ते त्यात बघून प्रेक्षकांना कळायचं. आता त्याच हुकांना कॅमेरा लटकत होता आणि नाक खाली करून ओट्याकडे बघत होता.

ही माहिती भांडारवाल्या काकांची. सत्तरी कधीच ओलांडली होती, पण जुन्या काचसामानाची राखण करायला म्हणून ते तिथेच राहिले होते. आणि बोलायला लागले की थांबत नसत.

"आमच्या वेळी पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम असायचा, बाई. सगळं थेट. चुकलं तर चुकलं. पडद्यावरच्या ताई होत्या ना, त्यांच्या हातून एकदा अख्खं ऑम्लेट जमिनीवर पडलं. म्हणाल्या, 'घाबरू नका, घरी कुणी बघत नसतं.' लोकांना ते आवडायचं. मग त्या स्पर्धा आल्या. घड्याळ टिकटिकतंय, कोणी रडतंय, कोणी ताट फेकतंय, मला तर वाटायचं स्वयंपाक आहे की कुस्ती! आणि आता हे तुमचं. नुसते हात. तोंडच कापून टाकलं."

"तोंड बघून कोण जेवतंय, काका," ती म्हणाली. एरवी ती त्यांच्याशी तासभर गप्पा मारायची. आज मन थाऱ्यावर नव्हतं.

नवा एप्रन धुलाईहून आलाच नव्हता. काकांनी कपाटातून जुना काढून दिला, निळ्या चौकड्यांचा. तिने हात मागे नेऊन नाड्या बांधल्या आणि वळली तर काका तिच्याकडे बघतच राहिले होते.

"ही गाठ कुणी शिकवली तुम्हाला?"

"कसली गाठ? नेहमीचीच तर…" तिने मागे चाचपून पाहिलं. नेहमीची सुरगाठ नव्हती. नाडीचे दोन वेढे होते आणि टोक आत घट्ट खोचलेलं. अशी गाठ तिने जन्मात कधी मारली नव्हती. पण दिवे लागले होते, दिग्दर्शिका हाका मारत होती, आणि गाठीचा विचार करत बसायला कुणाला सवड होती?

पहिला व्हिडिओ साधा होता. डावीकडे शेगडीवर सूप उकळायला ठेवायचं, उजवीकडे पावाचं पीठ मळायचं. तिने मळलं. मध्येच एकदा तिला दूध लागल्याचा वास आला. तिने इकडेतिकडे पाहिलं. दूध कुठेच नव्हतं.

"गॅस कशाला बंद केलात?" एडिटरने संगणकावरून मान वर करून विचारलं.

"मी कुठे केला?"

त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. पडद्यावर तिचे हात पीठ मळत होते. मळता मळता थांबले. पिठाने माखलेला डावा हात बाजूला गेला, त्याने शेगडीचं बटण फिरवलं, ज्वाळा विझली. मग दोन्ही हात एप्रनला पुसले गेले आणि घाईघाईने पडद्याबाहेर गेले. मागे पिठाचा गोळा तसाच पडून होता.

तिने ओट्याकडे पाहिलं. शेगडी पेटलेलीच होती. सूप रटरटत होतं.

"परत घेऊ," दिग्दर्शिका म्हणाली आणि या खेपेस स्वतः ओट्याशेजारी उभी राहिली. हात थांबले नाहीत, बटणाकडे गेले नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. तरी पडद्यावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी एडिटरने चित्र थांबवून मोठं केलं. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. तिने आपलं मनगट दिव्याखाली धरलं. स्वच्छ होतं.

एडिटर पडद्याकडे आणि तिच्या मनगटाकडे आलटून पालटून बघत होता. मग दिग्दर्शिका जरा मोठ्यानेच म्हणाली, "कुठली तरी जुनी फाईल घुसतेय. यंत्र बंद करून चालू करा. चहा घ्या सगळे."

दुधाचा वास आता चांगलाच वाढला होता. करपलेला, नाकात बसणारा. "तुम्हाला येतोय का?" असं तिने दोघातिघांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. तिने खालच्या आजींना फोन लावला. त्यांनी दोनला डोकावून पाहिलं होतं, पोर शांत झोपली होती. आता त्या भाजी आणायला बाजारात आल्या होत्या. साडेतीन वाजले होते. तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

काका भांडारच्या दारात बसले होते. चहा तसाच गार होत होता.

"काका, त्या ताईंच्या मनगटावर डाग होता का हो?"

त्यांनी आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "ओव्हनचा. पहिल्याच कार्यक्रमात भाजलं होतं. हसत हसत पुढे बोलत राहिल्या. तुमच्या एप्रनची ती गाठही त्यांचीच." मग आवाज आणखी खाली गेला. "तेव्हा मी भांडारात नव्हतो, बाई. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून ताईंना वेळ दाखवायचं काम माझं. किती मिनिटं राहिली त्याची कार्डं धरायची. एका दुपारी आत फोन आला. ताईंच्या घरून, शेजाऱ्यांचा. मुलगी एकटी होती, दूध तापवायला ठेवून झोपली. दूध उतू गेलं, ज्योत विझली… गॅस घरभर. 'ताबडतोब पाठवा,' म्हणाले. मी एका कार्डावर लिहिलं, घरी जा. साहेबांनी हात धरला. म्हणाले, 'आठच मिनिटं उरलीत. सगळे बघतायत. संपू दे.'"

"मग?"

"मग काय. कार्ड काखेत दाबलं आणि दोन्ही हातांनी बोटं दाखवली. आठ. सात. सहा… त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. चव घेतली, 'मीठ बेताचं' म्हणाल्या, सगळ्यांना नमस्कार केला. शेवटचं बोट खाली घेतलं आणि मी कार्ड पुढे धरलं." काकांनी कप बाजूला सरकवला. "धावत दारापर्यंत गेल्या. आणि माहितीय, तिथून परत आल्या. शेगडी बंद करायला. सवयच तशी. बंद केली आणि मग गेल्या. पोर आठ वर्षांची होती. दोन वेण्या असायच्या, वर रिबिनी. ताई परत कधी पडद्यावर आल्या नाहीत. त्या गेल्यालाही आता वीस वर्षं होतील."

ती उठली तोच आतून दिग्दर्शिका आली. "चला, यंत्र नीट झालं. फक्त मळण्याचं तेवढं परत घेऊ. आठच मिनिटांचं काम आहे."

"मी घरी चाललेय," ती म्हणाली.

"म्हणजे? अहो, असं अर्धवट… मग मला दुसरे हात बघावे लागतील, सांगून ठेवते!"

"बघा."

तिने मागे हात नेला. ती अवघड गाठ बोट लागताच सुटली. एप्रन ओट्यावर टाकून ती धावली आणि दारापाशी पाय अडखळले. सूप शेगडीवरच होतं. तिचे हात शिवशिवायला लागले, मान मागे वळली.

"मी बंद करतो!" काका एवढ्या जोरात ओरडले की सगळी खोली दचकली. म्हातारा अक्षरशः धडपडत ओट्याकडे धावला. "मी करतो बंद! तुम्ही जा, बाई! वळू नका, जा!"

टॅक्सीत ती पुढच्या सीटला घट्ट धरून बसली होती. प्रत्येक सिग्नलला फोन लावत होती. ड्रायव्हरने वेग वाढवला. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच वास आला. तोच. करपलेल्या दुधाचा. तीन जिने ती कशी चढली, तिचं तिलाच माहीत. किल्ली दोनदा हातातून पडली.

आत खिडक्या सताड उघड्या होत्या. पडदे फडफडत होते. शेगडीवर दुधाचं पातेलं, काळं ठिक्कर. दूध उतू जाऊन ओट्यावरून जमिनीपर्यंत ओघळलेलं. आणि बटण बंद. बटणावर पांढरे ठसे होते. तिने बोट लावलं. पीठ. ओलसर, मळलेलं पीठ. घरात आठवडाभर कुणी पीठ मळलं नव्हतं.

"आई?"

लेक पलंगावर बसली होती. जिवंत, धडधाकट, डोळे चोळत. तिने तिला उचललं, छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. पोर बिचारी गोंधळून गेली. "सॉरी ना, आई. थर्मासमधलं गार झालं होतं. मी थोडंसंच तापवणार होते. मग झोप लागली. पण तू परत का आलीस?"

"परत म्हणजे?"

"आत्ताच तर आली होतीस! गॅस बंद केलास, खिडक्या उघडल्यास, मला उठवलंस. कपाळावर हात ठेवलास. केवढे गार होते हात, बरं वाटलं मला. मग वेण्या घातल्यास. आज दोन!"

तिचे डोळे तेव्हा कुठे लेकीच्या डोक्यावर स्थिरावले. मधोमध सरळ भांग, करकचून घातलेल्या दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या. केसांत जागोजागी पीठ. आणि रिबिनी नव्हत्या त्या, निळ्या चौकड्यांच्या कापडाच्या फाडलेल्या पट्ट्या होत्या.

"मी… मी काही बोलले का गं?"

"बोलणार कशी?" लेक खुदकन हसली. "नुसते हातच तर होते. फोनवर असतात तसे."

तिने पट्टीची गाठ सोडायला घेतली. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. नखं लावली, दातांनी ओढली. एप्रनची गाठ बोट लागताच सुटली होती, ही तसूभर हलेना.

"आई, दुखतंय! थांब ना, त्यांचं अजून संपलं नाहीये."

"कुणाचं?"

"त्या हातांचं. वेण्या झाल्यावर त्यांनी मला 'चल' अशी खूण केली आणि बोटं दाखवायला लागले. आधी आठ, मग सात. तू जिन्यात होतीस तेव्हा पाच."

तिचा हात गाठीवरच थिजला. मागे वळून बघायचं धाडस तिला होईना. लेक मात्र तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. मजेत, मान किंचित कलती करून.

"आता दोन," ती म्हणाली.